कडेला दिसणारं कोपर

धाकटीला गोल्फ शिकायला लागून दीड वर्ष झालं होतं आणि रविवारी चौदा वर्षांखालच्या मुलींची निवड होती. मुली नऊ, जागा चार. सरांनी प्रत्येकीला एक वही दिली. "मी एकटा कुणाकुणाकडे बघू? घरच्यांना व्हिडिओ काढायला सांगा, आपली चूक आपणच शोधा आणि लिहा. एका वेळी एकच चूक दुरुस्त करायची."

हे काम वडिलांनी अंगावर घेतलं. ते जमीन मोजणी खात्यात होते. मोजमापाच्या बाबतीत घरात त्यांच्यापुढे कुणी तोंड उघडत नसे. सरावाच्या मैदानावर पालकांना दोरीच्या आत यायला बंदी होती. दोरीमागून बारा मुलंमुली पाठमोरी दिसायची, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारखी पांढरी टोपी. धाकटीची जागा सात नंबरची. वडिलांनी फाटकाकडून सात मोजले आणि मोबाइल रोखला.

सोमवारी संध्याकाळी घरी व्हिडिओ लागला.

"बाबा, मी डावखुरी कशी दिसतेय?"

"मोबाइलमध्ये उलटं दिसतं. आरशात दिसतं तसं."

धाकटीला पटलं. आपण पाठीमागून कशा दिसतो, हे तरी कुणाला ठाऊक असतं? तिने वहीत लिहिलं : 'पाय फार फाकतात.'

मंगळवारी तिने पाय जवळ घेतले. व्हिडिओत तसेच फाकलेले. बुधवारी आणखी जवळ घेतले. व्हिडिओत उलट जास्तच फाकलेले. वहीत नोंद झाली : 'पाय माझं ऐकत नाहीत.'

गुरुवारी आईनेही चष्मा लावून पाहिलं. "अगं, जवळ घेतले असं तुला नुसतं वाटतंय."

"आई, आज बूट एकमेकांना घासत होते!"

"मग हे काय आहे?"

"तेच तर कळत नाहीये!" धाकटी रडकुंडीला आली.

"कॅमेरा खोटं बोलत नाही," वडील म्हणाले. "फक्त कडेला कुणाचं तरी कोपर सारखं मधे येतंय. उद्या ते टाळून काढतो."

शुक्रवारी धाकटी पायाला पाय चिकटवून उभी राहिली, जोरात काठी फिरवली, आणि चेंडू जागच्या जागी ठेवून स्वतःच आडवी झाली. सर धावत आले.

"काय चाललंय तुझं? चांगली उभी राहायचीस. आता ही बाटलीसारखी काय?"

"सर, माझे पाय फाकतात. व्हिडिओत दिसतं!"

सरांनी वडिलांना दोरीच्या आत बोलावून घेतलं. व्हिडिओ पाहिला. पुन्हा पाहिला. मग शेजारच्या जागेवरच्या डावखुऱ्या मुलीकडे पाहिलं.

"ही ती आहे."

"मग माझी मुलगी?" वडिलांनी विचारलं.

"हे कोपर."

वडिलांनी खाली पाहिलं. जमिनीवर आकडे रंगवलेले होते आणि ते पलीकडच्या टोकाकडून सुरू होत होते. "मोजणी फाटकाकडूनच करतात हो," ते पुटपुटले. पण आवाजात जोर नव्हता.

डावखुरी हे सगळं कान देऊन ऐकत होती. तिची आई दिवसभर दुकानात असायची, व्हिडिओ काढायला कुणी नव्हतं. तिची वही कोरीच होती. धाकटीने आपली वही तिच्या हातात दिली.

"घे. सगळं तुझंच आहे."

आता धाकटीपुढे नवाच प्रश्न उभा राहिला. पूर्वी आपण उभ्या कशा राहायचो? आईला आठवेना, वडिलांकडे आठवडाभराचं फक्त कोपर. शेवटी रविवारी ती जमेल तशी उभी राहिली, जमेल तशी खेळली आणि एका फटक्याच्या फरकाने चौथी आली. आपलं नक्की काय बरोबर झालं, हे तिला काही केल्या कळेना. डावखुरी मात्र पाय जवळ घेऊन दुसरी आली होती.

यादी लागताच ती धावत धाकटीच्या वडिलांकडे आली. "काका, पुढच्या आठवड्यातही माझा व्हिडिओ काढाल?"

वडील गोरेमोरे झाले. "अगं, पण आता हिचा..."

"काढतील, काढतील!" धाकटी घाईघाईने म्हणाली. "तुझाच काढतील!"