भूपेशच्या विरहाचं परीक्षण

पुण्याच्या एका संगीतविषयक संकेतस्थळावर भूपेशच्या अल्बमचं परीक्षण आलं, पाचपैकी साडेचार तारे मिळाले आणि सारंगखेड्याच्या त्याच्या घरात सकाळच्या चहाबरोबर रडारड सुरू झाली.

अल्बमचं नाव 'रुपा गेली तेव्हा'. ठिबक सिंचनाच्या दुकानातली नोकरी सांभाळून भूपेशनं वर्षभर लॅपटॉपवर तो तयार केला होता. प्रकार ट्रिप-हॉप: संथ ठेका, खोल घुमणारा बास आणि मधूनच विहिरीच्या तळाशी कुणी उसासे टाकतंय असे आवाज. तो पहिल्यांदा घरात वाजला, तेव्हा वडील चुनीलाल मळ्यातली मोटार जळाली की काय ते पाहायला धावले होते.

परीक्षण मात्र साध्या मराठीत होतं. आई प्रतिभाबाईंनी चष्मा लावून ते मोठ्यानं वाचलं. 'सोडून गेलेल्या प्रेयसीसाठी केलेला हा आकांत आहे. तिसऱ्या गाण्यातला अडखळता ठेका म्हणजे आधुनिक माणसाचं मोडलेलं काळीज.'

"मन्हा आंडोरनं काळीज मोडी गयं, आन त्यानी मले एक शब्द सांगा नही!" पोराकडे बघत त्या रडू लागल्या.

"तसं नही वं माय," भूपेश म्हणाला, पण तेवढ्यात फोन वाजला. मुंबईहून कुणीतरी मुलाखतीसाठी विचारत होतं, 'एवढं दुःख कसं पचवलंत?' भूपेशनं साडेचार ताऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि तो खर्जात म्हणाला, "वेळ लागतो." तिथून मागे फिरायची सोय राहिली नाही.

संध्याकाळपर्यंत आत्या दगूबाई हजर झाल्या. समाजातल्या सगळ्या लग्नाच्या मुली त्यांना तोंडपाठ होत्या.

"रुपा म्हंजे शहादानी. हेमकांतभाऊनी आंडेर, ढोरस्नी डॉक्टर. दुसरी रुपाच नही समाजमा!"

रविवारी आई-वडील आणि आत्या यांनी भूपेशला 'मोटार देखाले जावानं शे' असं सांगून गाडीत बसवलं. शहाद्याला तो उतरला तो थेट हेमकांतभाऊंच्या बैठकीत. समोर पोहे, पेढे आणि नुकतीच एका गाभण म्हशीला तपासून आलेली रुपा.

"पोऱ्या रुपासाठे झुरी ऱ्हायना," दगूबाईंनी सुरुवात केली आणि मोबाइल पुढे केला. "देखा, छापेल शे."

हेमकांतभाऊंनी परीक्षण शेवटपर्यंत वाचलं आणि मुलीकडे वळले. "तू याले सोडी गयी?"

"मी याले आज पहिल्यांदाच देखी ऱ्हायनी!"

सगळ्यांच्या नजरा भूपेशवर खिळल्या. त्यानं पोह्यांची बशी खाली ठेवली.

"रुपा घोडी शे," तो म्हणाला.

हेमकांतभाऊ ताडकन उठले. "मन्ही आंडेरले घोडी म्हणस?"

"नही, नही! खरीच घोडी!" आणि भूपेशनं सगळं सांगून टाकलं. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा एका व्यापाऱ्यानं त्यांच्या मळ्यात पांढरी घोडी बांधली होती. तिचं नाव रुपा. महिनाभर भूपेशनं तिला गूळ चारला, मोबाइलवर तिच्या टापा टिपल्या. ती विकली गेली त्याच दिवशी त्यानं पहिलं गाणं करायला घेतलं.

"ती पांढरी?" प्रतिभाबाई ओरडल्या. दगूबाईंनी पदर तोंडाला लावला, पण पदराआड त्या हसत होत्या.

"चूप ऱ्हावा जराक!" रुपानं हात वर केला. या गोंधळात तिनं कानात इअरफोन घालून तिसरं गाणं लावलं होतं. "हाई घोडी मांगला डावा पायमा लंगडस. दर चौथी टाप उशिरा पडी ऱ्हायनी. नालना खिळा टोचत व्हई."

आधुनिक माणसाच्या काळजाचं निदान दोन मिनिटांत झालं.

भूपेश तिच्याकडे बघतच राहिला. इतकं कान देऊन त्याचं गाणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"चौथं गाणं ऐकशी?" त्यानं भीतभीत विचारलं.

"ते बी ऐकी लिधं. लई लांबाडेल शे. निम्मं कापी टाक."

कुठून कापायचं, यावर दोघं बाहेर ओट्यावर दीड तास भांडली. मधूनच तिचं खळखळून हसणं आत ऐकू येई. आत हेमकांतभाऊंचा राग पोह्यांच्या दुसऱ्या बशीपर्यंत टिकला, मग ते चुनीलालना केळीच्या रोपांबद्दल विचारू लागले.

पुढच्या दोन महिन्यांत भूपेश सहा वेळा शहाद्याला गेला. सातव्या वेळी रुपानं स्वतःच होकार दिला, पण एक अट घातली.

"हळदले डीजे मी ठरवसू. तुन्हं एक बी गाणं वाजनं, तर पाव्हणा रडत घर जातीन."

भूपेशनं जागच्या जागी कबूल केलं. हळदीला सगळ्यात जास्त तोच नाचला.