सहकुटुंब भेट दिली

"पण डब्यात असतं काय?" सुंदररावांनी चौथ्यांदा विचारलं.

"कागद, पप्पा. ज्याला घावंल त्यानं नाव लिवायचं, आन डबा होता तिथं ठिवायचा."

"बास? मग लपवतेत कावून?"

धारूरकडचे माजी सभापती सुंदरराव कोकणात फिरायला आले होते. गोव्याच्या हद्दीलगतच्या समुद्रकाठच्या बागेत त्यांची दहावीतली तेजश्री मोबाइलवरच्या एका खेळातल्या खुणा बघत कुणीतरी लपवलेला डबा शोधत होती. आजवर तिनं सतरा डबे शोधले, पण दरवेळी कागदावर आधी कुणाचं तरी नाव. हा डबा कालच लपवलेला. निदान इथं तरी पहिलं नाव आपलं असावं, एवढीच तिची हौस.

मागून तेजश्रीच्या आई तुळजाबाई मुकाट चालत होत्या. त्यांचं सोमवारचं मौन होतं. सुंदररावांबरोबर प्रवास करणाऱ्याला हे व्रत फार सोयीचं पडतं.

तासाभरानं तेजश्री केवड्याच्या बनातून बाहेर आली. हातभर ओरखडे, मुठीत चपटा डबा. आत बोटभर रुंदीची कोरी पट्टी. तिनं पेनाचं टोपण काढलं.

"आण इकडं. आधी थोरामोठ्यांचं."

सुंदररावांनी चष्मा लावला. समोर आलेला कागद सही न करता सोडायची त्यांना सवयच नव्हती. पट्टीवर नाव आलं, माजी सभापती आलं, सोसायटीचं संचालकपद आलं, यात्रा कमिटीही आली. शेवटी, 'यांनी सहकुटुंब भेट दिली. डबा सुस्थितीत आढळला.' पट्टी भरली.

"आन माझं नाव?"

"सहकुटुंब लिवलंय की. त्यात तू आलीस."

तेजश्रीचे डोळे भरून आले. तेवढ्यात झुडपामागून एक हवालदार आला. हद्दीपलीकडची स्वस्त दारू याच झाडीतून चोरून इकडं येते, म्हणून तिथं पहारा असतो.

"काय लपवताय? डबा कोणाचा?"

"मला म्हाईत न्हाई, सायेब. आमी वाट चुकलोत," सुंदरराव घाईनं म्हणाले.

हवालदारानं तुळजाबाईंकडं पाहिलं. मौनात बोलायची बंदी होती, कागद द्यायची नव्हती. त्यांनी लेकीच्या हातातली पट्टी घेऊन शांतपणे पुढं केली.

हवालदारानं सगळी पदं मोठ्यानं वाचली. "सुंदरराव कोण?"

सुंदरराव समुद्राकडं बघू लागले.

"ते आपलं... मानाची सही हो. डबा पोरीनं काढला. म्या हातबी लावला न्हाई."

"मग हे खोडा, आणि मागच्या बाजूला खरं काय ते लिहून द्या."

वीस वर्षांत जमवलेली पदं सुंदररावांनी एका रेघेत खोडली. पट्टी उलटून लिहिलं, 'सदर डबा कु. तेजश्री हिने शोधला. माझा संबंध नाही.'

तेजश्री खांद्यावरून वाचत होती. "पप्पा, 'सगळ्यांच्या आधी' राहिलं."

सुंदररावांनी हवालदाराकडं पाहिलं.

"लिहा की," हवालदार म्हणाला. "खरं असेल ते पूर्ण लिहा."

त्यांनी लिहिलं. खाली सही केली, आणि हात आपोआप पुढं सरकून 'माजी'चा 'मा' काढू लागला.

"नुसती सही," हवालदार म्हणाला.