दिवसभर वाजणारा फोन

ब्रॉडबँड घ्यायचं मी ठरवलं ते नातीसाठी. ही दोन हजार आठ सालची गोष्ट. आमच्या प्रज्ञाला बंगळूरला मुलगी झाली आणि बाळंतपणाला म्हणून गेलेली माझी बायको उज्ज्वला तिकडचीच झाली. पुढच्या रविवारी अकरा वाजता नामकरण होतं. मला रजा नव्हती (परीक्षांचे दिवस. ओतूरच्या कॉलेजात हॉलतिकिटांवर शिक्के माझ्याशिवाय कोण मारणार?). तेव्हा असं ठरलं की बुद्धवंदना मी इथूनच, कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यासमोर बसून म्हणायची. तीन महिने एकट्याने पिठलं-भात खाणाऱ्या माणसाला याहून मोठा मान कोणता? वंदना तोंडपाठ असूनही मी ती रोज आरशासमोर म्हणत होतो.

कनेक्शन जोडायला कुशाबा नावाचा लाईनमन आला. शेजारच्या झुंबरबाईही दारात येऊन उभ्या राहिल्या. कुशाबा त्यांचा भाचा. शिवाय सकाळचं दूध आत ठेवायला आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडेच असते, त्यामुळे दारात उभं राहण्याचा त्यांना हक्कच आहे.

“भाऊसाहेब, ह्यो फोन वापरता का?” कुशाबानं विचारलं.

खरं उत्तर होतं, नाही. उज्ज्वला गेल्यापासून तो एकदाही वाजला नव्हता. ती मोबाईलवर बोलायची, तेही “जेवलात ना? बाळ रडतंय, ठेवते” एवढंच. पण चारचौघांत (म्हणजे दोघांत) “मला कुणी फोन करत नाही” असं कसं सांगायचं?

“वापरतो म्हणजे? दिवसभर वाजत असतो!”

झुंबरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

“मग फिल्टर लागंल,” कुशाबा म्हणाला. “फोन आन नेट एकाच वायरीतनं येणार. फिल्टर नसला तर फोनात खरखर येती, नेट बी तुटतं. फोन नसता तर वायर थेट मोडेममधी खुपसली असती, दोन मिंटाचं काम. पन फिल्टर संपल्यात. धा दिस थांबा.”

“अहो, रविवारी नामकरण आहे!”

“मग फोन काढू का?”

“छे छे! कामाचे फोन असतात. विद्यापीठातून वगैरे.” (विद्यापीठाला माझा पत्ताही नाही.)

कुशाबा गेला. मला आता धास्ती झुंबरबाईंची. आमची घरं भिंतीला भिंत लागून. ‘फोन तर म्या कवा ऐकला न्हाई’ असं त्या भाच्याला सांगणार, हे नक्की. तेव्हा फोन वाजायलाच हवा होता. गुरुवारी मधल्या सुट्टीत मी एसटी स्टँडवरच्या पीसीओत शिरलो आणि स्वतःच्याच घरचा नंबर फिरवला. (दोनदा चुकला.) बेल वाजू लागली. मी समाधानाने मोजत होतो. नवव्या बेलला कुणीतरी फोन उचलला.

“हालू! कोन?”

झुंबरबाई! किल्ली घेऊन धावल्या असणार. घाबरून मी नाक दाबलं.

“तुळशीदाससाहेब आहेत का?”

“कालेजात गेल्यात. तुमी कोन?”

“मी... मित्र.”

“मित्र? लई बरं झालं!” त्यांना खरोखरच आनंद झाला होता. “लई दिसांनी कुनाचा तरी फोन आला त्यांला. भाऊ, सांजच्याला परत लावा हां. बायको गेल्यापास्नं एकलेच हायेत. आरशाफुडं बोलत बसत्यात, भिंतीतनं ऐकू येतं मला. जीव तुटतो, पन म्या बाईमानसानं किती बोलावं? तुमी दोन शबुद बोला त्यांच्यासंग. लावाल न्हवं?”

“लावतो,” मी म्हणालो. नाक सोडलं, तरी आवाज तसाच येत होता.

तिथून मी तडक कुशाबाला गाठलं.

“मी फोन वापरत नाही. मला कुणाचा फोन येत नाही.”

“आदी सांगायचं ना राव!” एवढंच तो म्हणाला. घरी येऊन त्याने फोनची वायर काढली, मोडेमला लावली, आणि हिरवा दिवा लागला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

रविवारी अकराला स्क्रीनवर नात, उज्ज्वला, प्रज्ञा, जावई, व्याही अशी वीसेक माणसं दाटीवाटीने दिसू लागली. झुंबरबाईंना मी मुद्दाम शेजारी बसवलं होतं. वंदना न अडखळता झाली. नातीचं नाव सुजाता ठेवलं. इतक्यात झुंबरबाई कॅमेऱ्यात वाकल्या.

“उज्ज्वलाबाई, ह्यांची काळजी करू नगा. परवा एका मित्राचा फोन आलता ह्यांला. लई भला मानूस. परत लावतो म्हनला, पन ह्यांनी फोनच काढून टाकला बगा!”

उज्ज्वला माझ्याकडे बघत राहिली. अठ्ठावीस वर्षांचा संसार आहे आमचा. (आजारपणाची रजा मी कॉलेजात कशा आवाजात कळवतो, हे तिने ऐकलेलं आहे.)

“झुंबरबाई, तो नाक दाबून बोलत होता का हो?”

“व्हय की! तुमाला कसं ठावं?”

तिकडची वीस माणसं खो-खो हसली, व्याही सगळ्यांत मोठ्याने. उज्ज्वला तेवढी हसली नाही.

“अहो,” ती म्हणाली, “फोन करायचाच होता तर मला करायचात.”

खरं सांगतो, हे मला सुचलंच नव्हतं.