तपास चालू आहे, कार्ड काढू नका

कॅमेरा वाचला, तो ताईच्या सासूबाईंमुळे. हे वाक्य चुकून वाचलं असेल तर विसरून जा. असं काहीही घडलेलं नाही.

मी खाजगी गुप्तहेर आहे. बुद्धी तल्लख, नजर भेदक, आणि गुप्त इतका, की आजवर एकाही गिऱ्हाइकाला माझा पत्ता लागलेला नाही. सध्या मुक्काम ताईच्या फोटो स्टुडिओत. ताई याला रिकामं बसणं म्हणते, मी पाळत ठेवणं म्हणतो.

त्या दिवशी ताईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दुपारी एक कुटुंब फोटोला येणार होतं, पणजोबांपासून तान्ह्या पणतीपर्यंत. एकमेकांचं तोंड न पाहणारी भावंडं एका रांगेत उभी राहायला कशीबशी तयार झाली होती आणि ती पुन्हा होतील, अशी आशा पणजोबांनाही नव्हती. नेमका कॅमेरा दर दोन फोटोंनंतर गोठत होता. कंपनीचं म्हणणं, नवीन फर्मवेअर घाला, म्हणजे कॅमेऱ्याला नवी अक्कल येईल. ही अक्कल मेमरी कार्डावरून आत जाते. कार्ड सदोष निघून ती अर्ध्यावर अडकली, तर कॅमेऱ्याचा कायमचा पेपरवेट. म्हणून ताईने आधी कार्ड कॉम्प्युटरला लावलं, तपासणी सुरू केली, मला लक्ष ठेवायला सांगितलं आणि ती आत फोटोमागचा पडदा इस्त्री करायला गेली.

तपासणी मध्येच बंद पडली. ताईने येऊन पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद.

मी संशयितांकडे वळलो. पहिला समोरचा झेरॉक्सवाला. ज्याचा धंदाच नकला काढण्याचा, त्याच्या चेहऱ्यावरचा निरागसपणा मूळ प्रत कशावरून? दुसरे दाजी. ऐन वेळी ते जांभई देत होते, आणि इतकी मोठी जांभई मनात काही असल्याशिवाय येत नाही. तिसरे खुद्द पणजोबा. ते अजून आलेच नव्हते. घटनास्थळी नसल्याचा इतका भक्कम पुरावा निर्दोष माणसाकडे कशाला असेल?

माझी ही यादी ऐकून ताई रडकुंडीला आली. त्या लोकांना फोन करून येऊ नका सांगते, म्हणाली.

सासूबाई बाकावर बसून गिऱ्हाइकांना घालायला ठेवलेल्या कोटाचं बटण लावत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "अगं, कार्ड तुझा भाऊच काढतोय. दर वेळी."

ताईने माझ्याकडे पाहिलं. "काढतोस?"

"म्हणजे काय," मी म्हणालो. "कॉम्प्युटरच्या पडद्यावर सरळ लिहिलंय, 'तपास चालू आहे'. मला न विचारता. एका प्रकरणात दोन तपासनीस चालत नाहीत, ताई. आणि वर धमकी, 'कार्ड काढू नका'. मी धमक्यांना भीक घालत नाही."

"मग?"

"मग पुरावा ताब्यात घेतो, भिंगाखाली बघतो आणि तू यायच्या आत जागेवर ठेवतो."

ताईने तपासणी पुन्हा सुरू केली. सासूबाईंनी दातांनी दोरा तोडला, "उठा, गुप्तहेर" म्हणत मला कपडे बदलायच्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी लावली.

पुढचं सगळं मी दाराला कान लावून ऐकलं. तपासणी शेवटापर्यंत गेली. दोन-चार चुका सापडल्या, त्या कॉम्प्युटरने परस्पर मिटवल्या आणि कार्ड निर्दोष सुटलं. अक्कल आत गेली. मग माणसं आली. कोणीतरी कोणालातरी जरा सरक म्हणालं, आणि ते कोणीतरी चक्क सरकलं. तान्ही रडली, सगळे हसले. कॅमेरा खटाखट चालत राहिला, एकदाही गोठला नाही. पणजोबा म्हणाले, आणखी एक काढा.

सबब सर्व संबंधित यंत्रांना विनंती करण्यात येते, की यापुढे कोणताही तपास हाती घेण्यापूर्वी खाली सही करणाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी, आणि ती मिळेपर्यंत पडद्यावरचे टक्के शून्यावरच थांबवून ठेवावेत.