बघायला आलेली मुलगी

‘‘बघायला आलेलं तिसरं मूलही नकार देऊन गेलं. सुनेचाच पायगुण, दुसरं काय! आता चौथंही गेलं तर हिला माहेरी धाडणार. तिथल्या डॉक्टरला दाखवू देत,’’ सासूबाई गच्चीवर शेजारच्या कुंदाकाकूंना सांगत होत्या. मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला जिन्यात पोचले होते.

आमच्या जयसिंगपुरात मुलं पोटी येण्याआधी घर बघून जातात. रविवारी सकाळी येतात, पोहे खातात, दोन प्रश्न विचारतात. तिन्ही वेळा मला काठपदराची साडी नेसवून समोर बसवलं होतं. पाहुण्यांची नजर मात्र माझ्या खांद्यावरून सोफ्याकडे जायची. तिथे माझा नवरा निनाद लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला असायचा. मी काही बोलले नाही. मुलगी अबोल आहे, असं सांगूनच माझं लग्न जमवलं होतं.

चौथ्या वेळी मुलगी आली. चमच्याएवढी असेल. बशीच्या काठावर पाय सोडून बसली.

‘‘सुनेला काय विचारायचं ते विचारा,’’ सासूबाई म्हणाल्या.

‘‘त्यांच्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. मुलाला बोलवा.’’

निनाद पुढे आला. तिने त्याला जरा चालून दाखवायला सांगितलं. तो गच्चीपर्यंत जाऊन आला आणि बराच वेळ फ्रीजला टेकून उभा राहिला. मग झोपेची चौकशी झाली, जागरणांची झाली. तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत उत्तरं देत होता. व्यसन वगैरे काही नाही हो, स्वभावाने गरीब आहे, असं सासूबाई मधेच म्हणाल्या, तेव्हा त्याच्या गालात मावा होता.

‘‘हे रोज मांडीवर असतं?’’ मुलीने बशीशेजारी ठेवलेल्या लॅपटॉपला बोट लावून चटकन मागे घेतलं.

‘‘कामच तसं आहे,’’ निनाद म्हणाला.

‘‘आम्ही त्याच्या खालीच राहतो,’’ ती शांतपणे म्हणाली. ‘‘आधीच माणसं कमी. त्यातली निम्मी जागची हलत नाहीत, उरलेली गोल गोल फिरतात. एवढ्या उकाड्यात वाट कुणाला सापडणार?’’

कोपऱ्यात येऊन बसलेल्या कुंदाकाकू चहा अर्धा टाकून घरी गेल्या. त्यांच्या मुलाकडेही लॅपटॉप आहे.

मुलीच्या अटी साध्या होत्या. मावा बंद, लॅपटॉप टेबलावर, रात्री झोप, सकाळी चालणं. तीन महिने हे नीट पाळलं तर ती यायला तयार होती. घर तिला आवडलं होतं, विशेषतः स्वयंपाकघराची खिडकी.

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलाने मोठ्या आशेने माझ्याकडे पाहिलं. मग सासूबाई हसून म्हणाल्या, ‘‘विचार करून कळवतो. पुढच्या रविवारी एक मुलगाही यायचाय.’’

‘कळवतो’ म्हणजे नाही, हे आमच्याकडे जन्माला न आलेल्यांनाही ठाऊक असतं. ती बशीवरून उतरू लागली. मी तिला धरायला बोट दिलं. तिने ते घट्ट धरलं.

‘‘अहो, आधी तो मावा थुंकून या,’’ मी म्हणाले. ‘‘आणि आई, पुढच्या रविवारच्यांना येऊ नका म्हणून सांगा. आम्हाला मुलगी पसंत आहे.’’