देवरावकाका आणि मागची रांग

ज्यानं तुम्हाला स्पीकर विकला, त्याच्याच तोंडची तारीफ ऐकून तुम्ही तो घेतलात ना?

आंजी गावातले आमचे शेजारी देवरावकाका तुम्हाला सोडते तर शपथ! हयात वीजखात्यात मीटर तपासण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी आवाज मोजायचं यंत्र घेतलं आणि गावातल्या भोंग्यांना धडकी भरली. बारसं असो की बुद्धविहारातली जयंती, काका तपासणीला हजर, तेही घरचा चहा थर्मासात घेऊन. स्पीकरवाल्याच्या चहाला ते कधी शिवले नाहीत. "ज्याचा चहा पेला, त्याचा भोंगा गोड लागते बापा!"

विहारासाठी नवे स्पीकर घ्यायचे होते. वर्गणीची पत्रकं मीच लिहिली होती, दारोदारी वाटलीही होती. गावाच्या घामाचा पैसा तो. नागपूरचा दुकानदार आला. आधी आमचा जुना स्पीकर वाजवला, मग स्वतःचा चकचकीत. सगळे डोलले. मीसुद्धा.

"थांब," काका म्हणाले. "तुहा मोठ्यानं लावला, आमचा हळू. मोठा आवाज कोणालेबी गोडच लागते. दोन्ही सारखे कर."

यंत्रावर पाहून दोन्ही आवाज सारखे केले, दोघांवर चादर टाकली. आता जुना कोणता नि नवा कोणता, कुणालाच सांगता येईना.

दुकानदार हसला. "काका, कान नाई का तुमाले?"

"कान खुशामती असते. मीटर कोणाचा पाव्हणा नाई."

एवढं बोलून काका यंत्र घेऊन शेवटच्या रांगेत, म्हाताऱ्या बाया बसतात तिथं भिंतीपाशी बसले. तिथं नव्या स्पीकरचा आकडा धाडकन पडला. दुकानदारानं गाशा गुंडाळला. पुढं बरेच स्पीकर तपासून, त्या भिंतीपर्यंत पोचणारा एक साधासाच आम्ही घेतला.

तो बसवला त्या दिवशी भिंतीपाशी मी विचारलं, "काका, दरवेळी मागंच काऊन मोजता?"

त्यांनी थर्मासातला चहा माझ्यापुढं केला.

"तुही काकू इथंच बसे. कमी ऐकू ये तिले. म्या कानाची मशीन आणली. दुकानदारानं चहा पाजला, लय तारीफ केली, मी भुललो. भाषण झालं का मी पुसत होतो, 'आलं ऐकू?' ती म्हणे, 'हाव जी, सारं आलं.' ती गेल्यावर मशीन मीटरपाशी धरली. चालू करा का बंद, आकडा एकच." काका भिंतीकडे पाहत राहिले. "मले वाईट वाटू नये म्हणून हाव म्हणत राह्यली रे ती."

आता काका लेकीकडे पुण्याला असतात. विहारात भाषण सुरू झालं की मी मागं भिंतीपाशी जाऊन बसतो. शब्द न् शब्द ऐकू येतो.

तुमच्याही घरात कुणीतरी मागच्या रांगेत बसलेलं असेल. त्यांच्या 'हो, येतं ऐकू' वर विसंबू नका. विकणाऱ्याचा चहा परत करा, आणि ज्याला त्या विक्रीतून काहीच मिळायचं नाही, अशा माणसाकडून त्यांचं कानाचं यंत्र एकदा मोजून घ्या.