चिंचेविना अळू

"बाजारातली चिमूटभर वस्तूसुद्धा आज या घरात शिजणार नाही!" नानांनी सकाळीच जाहीर केलं.

छप्पन सालची ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं न खाण्याचा दिवस. नवं राज्य होणार म्हणून नानांचं दफ्तर ग्वाल्हेरहून भोपाळला हलणार होतं, आणि नानांना माधवगंजातलं हे घर सोडायचं नव्हतं. रानात एकट्याने राहणाऱ्यांची पुस्तकं, मी शिकवते त्या शाळेतून, त्यांना मीच आणून दिली होती. परिणाम? परसात अळू, दोडका, मका; आणि खिशात राजीनामा!

आईची अट एकच. "एक वेळ तरी घर पोसून दाखवा. मग खुशाल द्या."

नानांनी थेट साहेबांनाच, महिपतरावांना, जेवायला बोलावलं.

"अहो, अळूला चिंच लागते," आई म्हणाली.

"परसात चिंच आहे?"

"नाही."

"मग नाही!"

"आणि मीठ?"

"मीठ समुद्राचं. समुद्राला कुणी बैल जुंपत नाही!"

दुसऱ्या घासाला महिपतराव थांबले. घशात कुणी घोंगडी कोंबावी तसा चेहरा! "पाणी! अहो, पाणी!" तांब्या रिकामा झाला, खाज तशीच. आरडाओरडा ऐकून शेजारचे दौलतसिंह काठी घेऊन धावले.

"क्या हुआ नाना साहब? साँप?"

"नहीं," महिपतराव घोगरले, "सब्ज़ी!"

आईने पदर तोंडाशी धरला होता. हसत होती की खाजत होतं, कळेना.

नाना मात्र डोळ्यांतलं पाणी पुसत जेवत होते. "उत्तम झालीय! शरयू, तू सांग. तुझ्या शब्दावर ठरवतो. राहू की जाऊ?"

माझा घसा पार मिटलेला! मी नुसतं ताट पुढे केलं. नानांनी आनंदाने आणखी वाढलं.

"बोलवत नाही वाटतं पोरीला," ते हसले. "राहू दे. उद्या सांग."

सकाळी नाना उठले नाहीत. झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. आईने तरी दोनदा विचारलं, "अळूने तर नाही ना?"

दफ्तर भोपाळला गेलं. आम्ही दोघी इथेच आहोत. अळू माजलंय. आता भाजीत चिंच पडते, बाजारातली, भरपूर.

काल पानं खुडताना मी मोठ्यानेच बोलले. कुंपणापलीकडे दौलतसिंह होते. म्हणाले असतील, मास्तरीणबाई अळूशी बोलतात!

"नाना, भाजी फार खाजली हो. तरी जाऊ नका."